गव्हावाचूनचे गोडधोड

पिंपरी-चिंचवडच्या उत्तर अंगास, इंद्रायणीच्या बाजूने देहूहून आळंदीकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत चिखली लागते. जुन्या माणसांच्या तोंडी ह्या गावाचे नाव टाळगाव चिखली असे आहे. तुकोबा वैकुंठास निघाले तेव्हा त्यांचे टाळ ह्या ठिकाणी पडले अशी गावाची श्रद्धा असून, त्या श्रद्धेचे टाळमंदिर गावात आहे. १९९७ मध्ये चिखली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत काम करणारी विदर्भापासून कोकणापर्यंतची कुटुंबे तेथे येऊन राहिली. अशा नव्या वसाहतींतील बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत अलीकडे नाचणीचा केक, राजगिऱ्याची बिस्किटे, बदामाच्या पिठाच्या वड्या असे पदार्थ मांडलेले दिसतात आणि त्यांवर ‘ग्लुटेनमुक्त’ अशी चिठ्ठी असते. गव्हाचा कणही नसलेले गोड खाणे ही परदेशातून आलेली नवी टूम होय, असा त्या चिठ्ठीवरून पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः ज्या मुलखात दर पंधरवड्यास एकादशी पाळली जाते, त्या मुलखातील घरांना वर्षाचे निदान चोवीस दिवस गव्हावाचून काढण्याचा सराव आहे. आणि त्या दिवशी गोडही वर्ज्य केले जात नाही.

एकादशीच्या दिवशी सर्व पापे अन्नाच्या आश्रयास येऊन राहतात, अशी पुराणांतील कल्पना आहे. तेव्हा त्या दिवशी धान्य खावयाचे नाही, हा नियम. निराहार राहणे सर्वांस साधण्याजोगे नसल्यामुळे ‘धान्य नव्हे’ असे जे जे म्हणता येईल ते फराळाचे, अशी वाट व्यवहाराने काढली. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळी वर्ज्य. राजगिरा, शिंगाडा, रताळे, साबुदाणा, भुईमुगाचे दाणे चालतात. ह्यांत वरी कशी बसली हा प्रश्न एखाद्या तर्कशुद्ध मनुष्यास पडण्याजोगा आहे, कारण वरी हे उघडउघड गवतवर्गातील धान्यच आहे. पण व्रतांचे नियम वनस्पतिशास्त्राच्या आधारे केलेले नसतात. ऋषिपंचमीला तर कसोटीच निराळी: बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही. मग परसातील भाज्या, कंद आणि आपोआप उगवणारे देवभात एवढ्यावर तो दिवस निभावतो. एका व्रतात प्रश्न दाण्याच्या जातीचा आहे, दुसऱ्यात तो कोणाच्या कष्टाने आला याचा आहे. पण दोहोंतही गहू बाहेर राहतो.

फराळाच्या ताटातील पदार्थांची मूळ घरे शोधू लागले म्हणजे मोठी गंमत दिसते. भुईमूग दक्षिण अमेरिकेतील. बटाटाही तिकडचाच, आणि त्याचे मराठी नाव पोर्तुगीजांकडून आलेले. त्यांनी ते कॅरिबियन बेटांवरून उचलले, तेथे ते बटाट्याचे नसून रताळ्याचे नाव होते. म्हणजे एका कंदाचे नाव दुसऱ्याने घेतले आणि दोघेही एकाच दिवशी उपासाला येऊन बसले. साबुदाणा मूळचा मलायाकडील साबूच्या झाडाच्या गाभ्याचा. त्याचे नावही तिकडचेच. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल थांबला तेव्हा, १९४३ च्या सुमारास, सेलमकडे कसाव्याच्या कंदापासून तसलेच दाणे पाडण्याचा उद्योग उभा राहिला. तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतील. आज महाराष्ट्रात खिचडीला किंवा खिरीला लागतो तो हा कसाव्याचा साबुदाणा. शिंगाडा तेवढा घरचा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण पोटाला उद्देशून आहे. पण ताटातील पदार्थांनी केलेला प्रवास पाहिला तर तो दुपटीने मोजण्याजोगा नाही.

ह्या सर्वांत राजगिऱ्याची कथा विशेष आहे. राजगिऱ्याच्या पिकाची जन्मभूमी अमेरिका खंडात आहे, आणि मेक्सिकोत अझ्टेक लोकांच्या राज्यात हा दाणा मक्याच्या खालोखाल मान पावलेला होता. राजाला द्यावयाच्या करभारात त्याची कोठारे मोजून घेतली जात. त्याच्या पिठात मधासारखा गोड रस कालवून त्याचा गोळा करीत, आणि सणाच्या दिवशी त्या गोळ्याची देवमूर्ती घडवून, पूजा झाल्यावर तिचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. १५१९ मध्ये स्पॅनिश लोक तेथे उतरले आणि १५२१ मध्ये राजधानी पडली. नव्या धर्मगुरूंना ह्या प्रसादात आपल्याच भाकरीच्या संस्काराची विपरीत नक्कल दिसली आणि त्यांनी ती मोडून काढण्याचा यत्न केला. पीक मागे पडले, तथापि नाहीसे झाले नाही. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या गुळासारख्या काळसर साखरेच्या पाकात घालून त्यांच्या वड्या थापतात. त्यांना ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद, असे नाव आहे. एस.टी.च्या स्थानकावर किंवा देवळाच्या दारात मिळणारी राजगिऱ्याची वडी आणि ही अलेग्रिया शेजारी ठेवली तर कोणती कोठली हे ओळखणे कठीण जावे. एका देशात जो दाणा देवाचा म्हणून धर्मगुरूंच्या डोळ्यांत सलला, तोच दुसऱ्या देशात देवाच्या दिवशी चालतो म्हणून घराघरांत राहिला. ह्या दाण्याचे नावही जुन्या व्रतग्रंथांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. आणि म्हणूनच, तो निषिद्धांच्या यादीत नसल्यामुळे, उपासाच्या दिवशी त्याला वाट मोकळी मिळाली असावी.

आता गव्हाकडे वळावयाचे. गहू महाराष्ट्रास परका नाही. इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत सातूबरोबर गव्हाचेही दाणे मिळाले आहेत. पण दख्खनच्या पठारावर त्याला हिवाळ्यात पाणी द्यावे लागते, आणि पाणी येथे नेहमीच थोडे. त्यामुळे रोजचे अन्न म्हणजे पठारावर ज्वारी-बाजरी, मावळात व कोकणात भात आणि नाचणी. गहू आला तो सणाला: पुरणपोळी, करंज्या, शंकरपाळे. पोळी ह्या शब्दाभोवती जो गोडवा मराठी मनात आहे तो ह्या दुर्मिळतेचा आहे. पुढे हे चित्र पालटले. १९५४ मध्ये अमेरिकेने आपले शिलकी धान्य परदेशास देण्याचा कायदा केला, १९५६ मध्ये त्याअन्वये हिंदुस्थानाशी करार झाला आणि शिधापत्रिकेच्या दुकानातून गहू शहरांच्या घरोघरी गेला. त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पाया घातला गेला, आणि पाठोपाठ ह्या भागात एकामागून एक कारखाने आले. म्हणजे कारखान्याचा भोंगा आणि डब्यातील पोळी ही दोन्ही चिखलीच्या परिसरात साधारण एका पिढीच्या काळातली. १९६६ मध्ये अठरा हजार टन बुटक्या जातीच्या गव्हाचे बियाणे आणविले गेले, ते पुन्हा मेक्सिकोतूनच. त्या देशाने उपासाचे धान्यही दिले आणि उपास सोडण्याचेही, असे म्हणावयास हरकत नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि मुलांसाठी सुकडी आली. त्या मिलोची चव ज्यांनी घेतली त्यांना पुढे गव्हाची पोळी ही सुबत्तेची खूण वाटली, यात नवल नाही. भाकरी गरिबाची व पोळी संपन्नाची, ही समजूत ह्या वीसपंचवीस वर्षांत पक्की झाली. आज तीच भाकरी हॉटेलात चढ्या किमतीने मिळते, हा काळाचा विनोद आहे.

गव्हाला एवढे महत्त्व आले ते केवळ चवीमुळे नव्हे. त्याच्या पिठात एक चिवट द्रव्य असते. कणकेचा गोळा पाण्याखाली धरून मळत राहिले तर पांढरे पाणी वाहून जाते आणि हातात रबरासारखी चिकट वस्तू उरते. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या पंडिताने १७२८ मध्ये हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला आणि १७४५ मध्ये तो छापून निघाला. ही वस्तू म्हणजे ग्लुटेन. मराठी गृहिणीला मात्र तिची ओळख करून देण्यासाठी बोलोन्यास जाण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून त्याचा चीक काढावयाचा व चोथा बाजूस टाकावयाचा, हा त्याच पृथक्करणाचा घरगुती प्रकार आहे. चिकात पिष्ट उतरते आणि चिवट भाग बराचसा चोथ्याबरोबर जातो. बराचसा जातो, सर्व जात नाही, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. कारण गव्हाचा चीक निर्धोक असतो असे समजणारे लोक आहेत.

हे ग्लुटेन पिठाला धरून ठेवते. पाव फुगतो तो त्याच्या जाळ्यात वायू अडकून राहतो म्हणून. पोळी पातळ लाटता येते ती त्याच जाळ्यामुळे. तांदूळ, नाचणी, ज्वारी, राजगिरा ह्यांच्या पिठात हे जाळे नसते. म्हणून त्यांचा केक करावयास घेतला की तो भुगा तरी होतो किंवा वीट तरी. पाश्चात्य पाकशास्त्रज्ञांनी ह्यावर जे उपाय काढले त्यांतील एक म्हणजे झँथान नावाचा डिंक. कोबीला रोग आणणाऱ्या एका जंतूपासून तो तयार होतो, आणि अमेरिकेत १९६९ मध्ये त्यास खाद्य म्हणून परवानगी मिळाली. दुसरा उपाय इसबगोलाचा भुसा. त्याचे पीक मुख्यतः गुजरात व राजस्थान येथील आहे आणि मराठी घरांत तो पोट साफ करण्याच्या कामी ठाऊक आहे. केकच्या पिठात चमचाभर इसबगोल घालावा हे ऐकून वडील मंडळी हसतील; पण पाणी शोषून बुळबुळीत होणे हा त्याचा जो गुण औषधात उपयोगी, तोच पीठ धरून ठेवण्यास उपयोगी पडतो.

जंतूंचा डिंक आणि इसबगोल नव्हता तेव्हा महाराष्ट्राने काय केले? उकड काढली. तांदळाचे पीठ गार पाण्यात भिजवून त्याची पारी होत नाही, चिरते. तेच उकळत्या पाण्यात घालून, झाकून, वाफेवर ठेवले की त्यातील पिष्ट फुगून चिकट होते; मग ते गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळले तर त्याला मोदकाच्या कळ्या पाडता येतील इतका लवचीकपणा येतो. गव्हाच्या जाळ्याचे काम येथे वाफ करते. ह्या उकडीला आंबेमोहोरासारखा किंचित चिकट तांदूळ मानवतो. आंबेमोहोर आणि आय.आर. ८ ह्यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये जी भाताची जात काढली तिचे नाव इंद्रायणी, म्हणजे चिखलीच्या काठाने वाहणाऱ्या नदीचेच नाव. मावळातील ह्या तांदळाची पिठी घरात असता मोदकासाठी परदेशी डिंक आणण्याचे कारण पडत नाही.

दुसरी युक्ती आंबवण्याची. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग सावलीत सुकवून ओलसर असतानाच कुटतात आणि त्यात गूळ किंवा साखर मिसळून तो गोळा काही दिवस मुरत ठेवतात. पुढे खसखशीवर थापून तुपात सोडला की त्याला जाळी पडते. ती जाळी ग्लुटेनची नव्हे. भिजण्याने, आंबण्याने आणि तुपात पाघळणाऱ्या गुळाने पडलेली असते. थोडी उतावीळ केली तर अनारसा तुपात विरघळतो. अधिक मासात जावयास तेहतीस अनारशांचे वाण देण्याची जी चाल आहे, तिच्यातील अर्धा मान जावयाचा असेल, अर्धा खास करणारणीच्या धीराचा.

आणि खरोखरीचा भाजलेला पदार्थ, म्हणजे ज्याला केकचा सख्खा भाऊ म्हणता येईल असा, हवा असेल तर मावळाच्या पलीकडे घाट उतरून कोकणात जावे लागते. चिखलीतील इमारतींत कोकणची कुटुंबे आहेतच, तेव्हा हा घाट आता जिन्याइतका लहान झाला आहे. तेथला तो पदार्थ म्हणजे धोंडस. श्रावण-भाद्रपदात वेलीवर मोठी, जून झालेली काकडी, तवसे, मिळते. ती किसावयाची, तिला सुटलेले पाणी टाकावयाचे नाही. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजून त्या किसात व त्याच पाण्यात शिजवावयाचा. गूळ, ओले खोबरे, वेलची घालावयाची. आणि मग जाड बुडाच्या भांड्यात तो गोळा थापून खाली मंद निखारे व झाकणावरही निखारे ठेवून भाजावयाचा. वरखाली तांबूस पापुद्रा येतो, आत ओलसर मऊ राहते. भट्टी नाही, अंडे नाही, मैदा नाही. काकडीच्या रसाने व गुळाच्या पाकाने रवा एकत्र राहतो. आज विलायती पाककृतींत दुधी, गाजर, बीट असल्या भाज्या केकमध्ये घालण्याचे मोठे कौतुक चालते. कोकणातल्या म्हाताऱ्या बाईला त्याचे नवल वाटणार नाही. तिच्या वेलीवर उरलेली काकडी वाया जाऊ नये एवढाच तिचा हेतू होता. बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून वाफवलेली सांदणे ह्याच कुळातली. हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ पसरून त्यात गूळखोबरे घातलेले पातोळेही तसेच. गोव्यात हिंदू ते नागपंचमीला करतात आणि ख्रिस्ती १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला. पान खावयाचे नसते, पण त्याचा वास पिठात उतरतो. साखरेने जे साधत नाही ते एक पान साधते.

इतके सर्व असून ‘ग्लुटेनमुक्त’ ही चिठ्ठी लावण्याची पाळी का आली, ह्याचे कारण मात्र स्वयंपाकघरात नाही, रुग्णालयात आहे. काही मुले खाऊनपिऊन सुकत जातात. पोट फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात, जुलाब थांबत नाहीत, वाढ खुंटते. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी ह्यांनी १८८८ मध्ये ह्या रोगाचे नेटके वर्णन केले आणि बरे होणे शक्य असेल तर ते आहारानेच होईल असे मत दिले. मत बरोबर होते, पण पथ्य उलटे पडले: त्यांनी भात आणि साबुदाणा अयोग्य ठरविला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव चालेल म्हणून सांगितले! १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर हास ह्यांनी मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली, श्रेय केळ्याला गेले, वस्तुतः ते पाव न दिल्याचे होते. खरा अपराधी हाती लागला तो हॉलंडात. विलेम डिके नावाच्या बालवैद्याला गव्हाचा संशय महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे तेथे उपासमार पडली, लोकांनी ट्यूलिपचे कंदही खाल्ले. पण ह्या रोगाची मुले त्या दिवसांत सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पूर्ववत् आजारी पडली. १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात डिके ह्यांनी गहू हे कारण मांडले. आज सिलिअ‍ॅक ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या रोगात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची शरीर स्वतःच नासाडी करून घेते. जगात शंभरांत सुमारे एका माणसास तो असतो. हिंदुस्थानात गहू खाणाऱ्या उत्तरेत पुष्कळ, भात खाणाऱ्या दक्षिणेत फार थोडा. त्यावर औषध नाही. गहू, सातू आणि राय जन्मभर वर्ज्य, एवढाच उपचार आहे.

वारकऱ्याची एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते. ज्या मुलाला हा रोग आहे त्याची द्वादशी येत नाही. शेजारच्या वाढदिवसाचा केक, शाळेत वाटलेले बिस्किट, सत्यनारायणाचा शिरा, गुरुद्वारातील कडा प्रसाद, ह्या सर्वांना ‘नको’ म्हणावयाचे त्याने शिकावे लागते, आणि चार-सहा वर्षांच्या वयात ते शिकणे मोठ्यांच्या कोणत्याही व्रतापेक्षा अवघड आहे. त्याच्या आईच्या दृष्टीने राजगिऱ्याची वडी ही फॅशन नव्हे. ती इतर मुलांच्या बरोबरीने हात पुढे करण्याची सोय आहे.

म्हणूनच ह्या बाबतीत ढिलाई उपयोगी नाही, आणि गैरसमज तर पुष्कळ आहेत. खपली गहू जुना, पौष्टिक, म्हणून तो चालतो असे सांगितले जाते. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि ह्या रोग्यास तो चालत नाही. रवा, शेवया, मैदा ही गव्हाचीच रूपे आहेत हे माहीत असते. पण बाजारच्या पुडीतील हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे ध्यानात राहत नाही. अन्नसुरक्षेचा नियम असा आहे की ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे. गव्हाच्या पिठात ते दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरले, तर किलोभर तांदळाच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम म्हणजे बोटाला लागून राहील एवढी.

उलट बाजूने, गहू नाही म्हणजे पदार्थ आपोआप आरोग्यकारक झाला, ही समजूतही खरी नाही. ज्याला रोग नाही त्याने गहू सोडून काही मिळवले असे होत नाही, आणि साबुदाणा हे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याची साखर घातलेली खीर मधुमेह्याला केकइतकीच जड जाईल. गूळ हा काही औषधी काढा नव्हे. फरक पडतो तो पिठाच्या निवडीने. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, इतके दुसऱ्या कोणत्याही नित्याच्या धान्यात नाही. राजगिऱ्यात तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात, आणि तांदूळ-गव्हात जे लायसिन कमी पडते ते त्यात भरपूर असते. नाचणीच्या केकची एक सोय बेकरीवाल्यांनी बरोबर हेरली आहे: तिचा काळसर तांबूस रंग कोकोच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे भाकरी पाहून नाक मुरडणारी मुले तोच दाणा चॉकलेट समजून खातात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हापासून ह्या केकला प्रतिष्ठाही आली आहे. वरीबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे: ओलसर साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि महाशिवरात्र-नवरात्राच्या सुमारास तिने विषबाधा झाल्याच्या बातम्या दरसाल येतात. ती सुटी न घेता बंद पुड्यातील, तारीख पाहून घ्यावी आणि पीठ करून फार दिवस ठेवू नये.

राहता राहिली गिरणी. ‘गव्हावर गहू दळा’ असे गिरणीवाल्याला बजावणे हा मराठी घरांचा जुना पाठ आहे. आधीच्या ज्वारीचे किंवा डाळीचे पीठ जात्याच्या पाळ्यांत अडकून राहते आणि ते पोळीत उतरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आधी कोणाचे दळण झाले हे विचारण्याची सवय त्यामुळे सर्वांना आहे, परंतु ती गव्हाच्या शुद्धतेसाठी. उपासाची भाजणी मात्र निराळ्या शिस्तीने दळली जाई: धान्य धुऊन, वाळवून, सोवळ्याच्या डब्यात भरून, घरच्या जात्यावर, किंवा गिरणीवाल्याने पाळी साफ करून पहिली मूठ बाजूस टाकल्यावर. धान्याचा कण लागला तर उपास मोडेल ही भीती त्या शिस्तीच्या मुळाशी होती. डॉक्टर आज सिलिअ‍ॅकच्या रोग्याच्या घरी जी शिस्त सांगतात, वेगळा डबा, वेगळी चाळण, वेगळे पोळपाट-लाटणे, वेगळे दळण, तीत आणि ह्या सोवळ्यात कृतीपुरता फारसा फरक नाही. फरक आहे तो दिवसांचा. चिखलीसारख्या वसाहतीत आता कोनाकोनावर गिरण्या आहेत आणि बहुतेकींत सकाळपासून गहूच पडत असतो. तेथे पाळी साफ करून मूठभर दाणे टाकून दिल्याने एकादशी सांभाळली जाईल, पण किलोमागचा तो पाव ग्रॅम सांभाळला जाईलच असे नाही. म्हणून अशा घरांनी लहान घरगुती गिरणी किंवा जुने दगडी जातेच घ्यावे आणि त्यात गहू कधीही घालू नये. पुण्यामुंबईच्या बाजारात दगडी जाती अजून मिळतात. टाकी लावून घेतली की तांदळाचा रवा, राजगिरा आणि नाचणी तीवर सहज निघतात, आणि धोंडसाला लागणारा रवा तर गिरणीपेक्षा जात्यावरचाच चांगला, कारण तो हवा तसा जाडसर राहतो.